पिकाच्या राखणीची बंदूक : नेम, टेका आणि बार भरण्याची दक्षता

आश्विन महिना लागला की कोकणातील भातखाचरांत लोंब्या वाकू लागतात, आणि त्याच सुमारास डोंगरउतारावरील जाळीतून रानडुकरांचे कळपही खाली उतरू लागतात. एका रात्रीत कळप जेवढे खातो त्याहून अधिक तुडवितो. नाचणी, भुईमूग, कंदमुळे, ऊस यांचीही तीच गत होते. चार महिने चिखलात राबून उभे केलेले पीक कापणीच्या तोंडावर डोळ्यांदेखत जावे, यासारखे दुःख नाही. म्हणूनच शेतात माळा बांधून रात्रीची राखण करणे ही या भागातील पिढ्यान् पिढ्यांची रीत आहे. आणि त्या माळ्यावर पुष्कळ ठिकाणी वडिलोपार्जित ठासणीची बंदूकही असते.

अशा एका माळ्यावरील प्रसंग डोळ्यांसमोर आणावा. मध्यरात्र उलटली आहे. खाचराच्या पलीकडच्या बांधावर खसखस ऐकू येते. म्हातारा बाप जागा होऊन हलकेच विचारतो, “बार भरलेला आहे का रे?”

मुलगा उत्तर देतो, “काल तुम्हीच भरला होता ना, आबा?”

“मला वाटते, तू भरलास.”

अंधारात दोघांनाही खात्री नाही. डुकरे जवळ येत आहेत. मुलगा घाईने दारूची पुडी काढतो आणि नळीत ओतण्यासाठी हात उचलतो. नळीत आधीचा बार असेल, तर या क्षणी तो एका बारावर दुसरा बार चढवीत आहे. घोडा पडताच नळी फुटेल, आणि ती फुटेल तेथेच त्याचा डावा हात असेल.

पिकाच्या राखणीत बंदुकीने होणारे अनर्थ बहुधा असेच घडतात. त्यांचे कारण बार उडण्याच्या क्षणात नसून त्याच्या आधीच्या घटकेत असते. बंदूक नेमकी लागणे आणि बंदूक निर्धोक असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असा समज सर्वत्र आढळतो. परंतु स्थिर टेका, मोजून भरलेला बार आणि पुरती ओळखलेली खूण या तीन गोष्टींनीच नेम साधतो, आणि याच तीन गोष्टींनी शेजाऱ्याचा व स्वतःचा जीवही वाचतो.

परवाना कशाचा, याची जाणीव

शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम १३ मध्ये खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद आहे. ठासणीच्या बंदुकीने भागणार नाही अशी परवाना अधिकाऱ्याची खात्री झाल्यास गुळगुळीत नळीची दुसरी बंदूकही मंजूर होऊ शकते. ही बंदूक परवान्यात लिहिलेल्या क्षेत्रात आणि लिहिलेल्या हेतूसाठीच वापरावयाची असते.

तथापि शस्त्राचा परवाना हाती असला म्हणून रानडुक्कर मारण्याची मुभा मिळाली, असे होत नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये २०२२ साली झालेली दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली. त्यानुसार रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत येते. उभ्या पिकास धोका होत असल्यास मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी प्राधिकृत केलेला अधिकारी कारणे नमूद करून लेखी परवानगी देऊ शकतो. ती परवानगी हाती येईपर्यंत बंदुकीत बार भरण्याचे कारण नाही. परवानगीने मारलेले जनावर शासनाच्या मालकीचे ठरते. ते घरी नेता येत नाही. गवा आणि बिबट्या हे पहिल्या अनुसूचीतील प्राणी होत. गव्याने कितीही नासधूस केली तरी त्याच्यावर बंदूक रोखता येत नाही. अशा वेळी वनखात्याला कळवून नुकसानभरपाईचा अर्ज विनाविलंब करावा, हाच मार्ग होय. या अर्जांची माहिती नजीकच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात मिळते. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ती कापणीच्या हंगामापूर्वीच गावात पोहोचविणे अगत्याचे आहे.

गुळगुळीत नळीची मर्यादा

रायफलीच्या नळीत आतून वळणदार खाचा असतात. त्या खाचांमुळे गोळी स्वतःभोवती गरगर फिरत बाहेर पडते, आणि भोवऱ्याप्रमाणे स्थिर राहून दूरवर सरळ जाते. ठासणीच्या साध्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असते. तिच्यातून निघणारी वाटोळी गोळी अशी स्थिर फिरत नाही. नळीच्या कडांना घासत ती बाहेर पडते आणि थोड्या अंतरानंतर कोणत्याही बाजूस भरकटते.

छऱ्यांचेही तसेच आहे. मोकळ्या तोंडाच्या नळीतून निघालेले छरे ढोबळ मानाने दर मीटरामागे तीन सेंटिमीटर पसरत जातात. म्हणजे २५ मीटरांवर त्यांचा घेर सुमारे पाऊण मीटर होतो, तर ४० मीटरांवर तो सव्वा मीटरच्या आसपास जातो. मोठे छरे संख्येने मोजकेच असतात. एवढ्या घेरात विखुरल्यावर त्यांतील एखाददुसराच जनावरास लागतो. जनावर मरत नाही; जखमी होऊन जाळीत शिरते, आणि सकाळी गवत कापावयास जाणाऱ्या बाईच्या किंवा गुराख्याच्या अंगावर येते. म्हणून २५ मीटरांपलीकडे बार काढू नये. तेथवर जनावर आले नाही, तर डबा वाजवून, आरडाओरडा करून ते पळवावे. पीक वाचले म्हणजे राखण सफल झाली.

दूरवर नेम लागत नाही, यावरून दूरवर धोकाही पोहोचत नाही असा अर्थ मात्र काढू नये. वाटोळा छरा किंवा गोळी जास्तीत जास्त किती दूर जाईल, याचा एक जुना अनुभवसिद्ध हिशेब आहे : इंचातील जाडीस २,२०० ने गुणावे, म्हणजे ते अंतर यार्डांत येते. या हिशेबाने ८ मिलिमीटर जाडीचा छरा ६०० मीटरांच्याही पुढे जाऊ शकतो आणि १५ मिलिमीटरची गोळी एक किलोमीटरहून अधिक. कोकणातील कोणत्या खाचरापासून एक किलोमीटरच्या आत वाडी, पायवाट किंवा शेजाऱ्याचा माळा नसतो? नेम २५ मीटरांचा आणि धोका एक किलोमीटरचा, हे प्रत्येक परवानाधारकाने मनात पक्के ठसवावे.

टेका : नेमाचा आणि सुरक्षिततेचा पाया

हातांवर तोललेली बंदूक कधीच पुरती स्थिर राहत नाही. श्वासाबरोबर, नाडीबरोबर नळीचे तोंड हलत असते. नळी एक मीटर लांबीची धरली आणि तिचे तोंड अवघे पावणेदोन सेंटिमीटर हलले, तरी २५ मीटरांवर नेम ४४ सेंटिमीटर चुकतो. रानडुकराच्या खांद्यामागील मर्माची जागा सुमारे वीतभर असते. म्हणजे उभ्याने, हातांवर, थंडीने किंवा धास्तीने कापत काढलेला बार बहुधा वायाच जातो, किंवा जनावरास नुसते जखमी करतो.

यावर उपाय सोपा आणि बिनखर्चाचा आहे. गोणपाटाची लहान पिशवी शिवून ती वाळूने पाऊणएक भरावी. ही पिशवी माळ्याच्या कठड्यावर ठेवून तिच्यावर बंदुकीच्या दस्त्याचा पुढील लाकडी भाग टेकवावा. लोखंडी नळी कठड्याच्या लाकडावर किंवा दगडावर केव्हाही टेकवू नये. बार उडताच कठीण वस्तूवर टेकलेली नळी उसळी घेते व गोळी वर जाते. पिशवी नसेल, तर डावा हात कठड्यावर ठेवून तळव्यात बंदूक धरावी. जमिनीवर बसावे लागल्यास कमरेइतक्या उंचीच्या दोन काठ्या वरच्या टोकाजवळ सुंभाने बांधून त्यांची कैची करावी आणि दोन्ही कोपर गुडघ्यांवर टेकवावे.

माळ्याचा आणखी एक मोठा उपयोग आहे. बंदुकीचे तोंड जमिनीपासून ३ मीटर उंच असेल आणि २० मीटरांवरील जनावराच्या अंगाचा मध्य अर्ध्या मीटरवर असेल, तर जनावराच्या पलीकडे अवघ्या ४ मीटरांवर गोळी मातीत शिरते. नेम मीटरभर वर चुकला तरी ती ४० मीटरांच्या आसपास जमिनीतच जाते. हाच बार जमिनीवर उभे राहून सुमारे १.४ मीटर उंचीवरून काढला आणि नेम तितकाच वर चुकला, तर गोळी जमिनीकडे न वळता वर चढू लागते आणि कोठे पडेल याचा नेम राहत नाही. ओली माती गोळी गिळते; कातळ आणि पाण्याचा पृष्ठभाग तिला उडवून लावतात. म्हणून माळा बांधतानाच खालच्या बाजूस मऊ माती किंवा उंच बांध येईल अशी जागा निवडावी. कातळाच्या, वाडीच्या व वाटेच्या दिशा दिवसाउजेडी पाहून ठेवाव्यात, आणि त्या दिशांना कठड्यावर उभी काठी बांधावी; म्हणजे अंधारातही नळी तिकडे वळणार नाही.

ठासणीच्या बंदुकीचा घोडा पडणे आणि बार उडणे यांत क्षणाचे अंतर असते. पुष्कळांचा नेम याच क्षणात सुटतो, कारण चाप ओढताच ते मान वर करतात. चाप हळूहळू मागे दाबावा, आणि धूर निघाल्यावरही एक श्वासभर बंदूक तशीच धरून ठेवावी. माशी रात्री दिसत नाही. तिच्यावर चुन्याचा लहानसा ठिपका द्यावा. बंदुकीचा नेम तपासावयाचा तो अधिकृत चांदमारीच्या जागीच. तेथे टेक्यावरून एकाच जागी तीन बार काढावेत. तिन्ही खुणा जवळजवळ पण बाजूला पडल्या, तर दोष माशीत आहे. त्या इतस्ततः पडल्या, तर दोष बार भरण्यात किंवा धरण्यात आहे.

बार भरताना

बार जेवढा मोठा तेवढा मारा चांगला, ही समजूत जितकी जुनी तितकीच घातक आहे. दारू जास्त झाली की गुळगुळीत नळीत छरे अधिकच विखुरतात, बंदूक खांद्यावर आदळते आणि नळीवर ताण येतो. दारूचे योग्य माप हे नळीची रुंदी, जाडी व वय यांवर अवलंबून असते. शस्त्रदुरुस्तीचा परवाना असलेल्या कारागिराकडून बंदूक दरवर्षी पावसाळ्यानंतर तपासून घ्यावी आणि तिच्यासाठी पितळेचे एक ठरीव माप करवून घ्यावे. प्रत्येक बार त्याच मापाने, सपाट भरून घालावा. मूठ, पुडी किंवा अंदाज यांवर विसंबू नये. रोज सारख्या मापाने भरलेला बारच रोज सारखा लागतो.

दारू फक्त परवानाधारक विक्रेत्याकडून घेतलेली काळी दारूच असावी. काडतूस फोडून काढलेली बिनधुराची दारू ठासणीच्या बंदुकीत कदापि घालू नये. ती कोंडली गेली म्हणजे तिचा दाब इतक्या वेगाने वाढतो की काळ्या दारूसाठी केलेली नळी तो सोसू शकत नाही. फटाक्यांतील दारू आणि आगकाड्यांचे गूल यांचाही वापर जिवावर बेततो. घरी दारू कुटणे गुन्हा तर आहेच, शिवाय त्यात घरे जळतात.

भरण्याचा क्रम ठरलेला असावा. प्रथम टोपी काढलेली आहे याची खात्री करावी. टोपी नेहमी सर्वांत शेवटी, माळ्यावर बसल्यानंतरच चढवावी. नळीचे तोंड चेहऱ्यापासून व अंगापासून दूर धरावे. दारू डब्यातून थेट नळीत न ओतता मापातून ओतावी, कारण आधीच्या बाराची ठिणगी नळीत धुमसत राहिलेली असली तर भडका मापापुरताच राहतो. डबा हातात असला तर तो डबाच फुटतो. याच कारणासाठी एक बार काढल्यावर नळी ओलसर फडक्याने पुसून काही मिनिटे थांबावे. त्यानंतर बोळा, मग गोळी किंवा छरे, आणि त्यांवर पुन्हा हलका बोळा. गोळी दारूवर पक्की टेकलेली असावी. दारू व गोळी यांमध्ये पोकळी राहिली, तर अडलेल्या दाबाने नळी तेथेच फुगते किंवा फुटते. कोरड्या काथ्याचा बोळा पेटत बाहेर पडतो व वाळल्या पेंढ्यास आग लावू शकतो. त्यापेक्षा जाड पुठ्ठ्याची चकती किंवा तेलाने ओलावलेला बोळा बरा.

सर्वांत उपयोगी आणि फुकटची युक्ती गजाची आहे. रिकाम्या नळीत गज तळापर्यंत सोडावा आणि नळीच्या तोंडाशी गजावर एक खाच पाडावी. नेहमीचा बार भरल्यावर पुन्हा गज सोडून दुसरी खाच पाडावी. पुढे केव्हाही, मिट्ट काळोखातही, टोपी काढून गज सोडताच बोटाने कळते : पहिली खाच तोंडाशी आली, तर बंदूक रिकामी, दुसरी आली, तर बार भरलेला, आणि दोन्ही खाचा वरच राहिल्या, तर दुहेरी बार किंवा अडकलेली वस्तू. शेवटच्या स्थितीत बंदुकीस हात न लावता सकाळी कारागिरास बोलवावे.

टोपी वाजली पण बार उडाला नाही, तर बंदूक मातीच्या दिशेने धरून पूर्ण एक मिनिट थांबावे. बार उशिरानेही उडतो. राखण संपल्यावर भरलेली बंदूक घरी नेऊ नये. टोपी काढावी, नळीत पाणी ओतून दारू पूर्ण भिजू द्यावी, आणि मगच गजाच्या मळसूत्री टोकाने बार बाहेर काढावा. काळ्या दारूची राख दमट हवेत ओल धरते आणि दोन दिवसांत नळी गंजविते. म्हणून नळी गरम पाण्याने व साबणाने धुऊन, कोरडी करून तेल द्यावे.

ठासणीखेरीज दुसरी बंदूक असणाऱ्यांपैकी काहीजण वापरलेली काडतुसे घरी पुन्हा भरू पाहतात. दारूगोळा तयार करण्यास आपल्याकडे शस्त्र अधिनियमानुसार वेगळा परवाना लागतो, तेव्हा हा उद्योग करूच नये. अमेरिकेत अनेक नेमबाज हे काम छंद म्हणून करतात. परंतु तेथेही ते दारूचे माप काट्यावर तपासतात, छापील कोष्टकाबाहेर जात नाहीत, आणि एका वेळी बाकावर एकाच जातीची दारू ठेवतात. ही शेवटची शिस्त मात्र आपल्या घरातही हवी : बंदुकीची दारू तिच्या मूळ डब्यात, नावासह, चुलीपासून व देवाच्या दिव्यापासून दूर ठेवावी, टोप्या दुसऱ्या जागी आणि बंदूक तिसऱ्या जागी कुलुपात ठेवावी. दारू हाताळताना विडी जवळ असू नये. शिशाच्या गोळ्या हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत. शिसे वितळविण्यास स्वयंपाकाचे भांडे वापरू नये, कारण शिशाचे विष मुलांना लवकर बाधते.

दिसले ते काय, याची खात्री

विजेरीच्या प्रकाशात चमकणारे दोन डोळे शेजाऱ्याच्या वासराचे किंवा कुत्र्याचेही असू शकतात. हलणारे गवत म्हणजे जनावर नव्हे. २०२५ च्या आरंभी पालघर जिल्ह्यात रानडुकराच्या शिकारीस गेलेल्या मंडळींनी आपल्याच एका सोबत्यावर डुक्कर समजून गोळी झाडली आणि तो मृत्यू पावला. माणूस ओळखीचा होता, वाट ओळखीची होती; फक्त खात्री करण्याचे राहून गेले.

म्हणून संपूर्ण जनावर, त्याचे डोके आणि त्याच्या पलीकडची माती, हे तिन्ही स्पष्ट दिसल्याखेरीज चापावर बोट जाऊ नये. राखणीच्या वाडीतील सर्वांनी संध्याकाळी एकत्र बसून कोण कोणत्या माळ्यावर, हे ठरवावे. रात्री माळा सोडावयाचा झाल्यास आधी हाक द्यावी आणि उत्तर मिळाल्यावरच खाली उतरावे. दारू प्यालेल्या माणसाच्या हाती बंदूक देऊ नये. आणि बंदूक नाही म्हणून गावठी बाँब पेरणे किंवा कुंपणात विजेचा प्रवाह सोडणे, हे तर सर्वथा वर्ज्य होय. तो सापळा डुक्कर आणि शेजाऱ्याचे मूल यांत भेद करीत नाही.

शस्त्र नियम, २०१६ मध्ये शस्त्र व दारूगोळा यांच्या सुरक्षित वापराच्या प्रशिक्षणाची तरतूद आहे. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी परवानाधारकांची नावे घेऊन, पोलीस व वनखात्याच्या साहाय्याने हंगामापूर्वी एक दिवसाचे शिबिर घडवून आणल्यास मोठे काम होईल. त्या शिबिरात आणखी काही झाले नाही, तरी प्रत्येकाच्या गजावर दोन खाचा आणि प्रत्येक माळ्यावर वाळूची एक पिशवी एवढे जरी झाले, तरी ते पुष्कळ आहे.

आता त्या मध्यरात्रीच्या माळ्याकडे पुन्हा वळावे. गजावर खाचा असत्या, तर मुलाने दारूची पुडी उघडलीच नसती. “बार भरलेला आहे का रे?” या प्रश्नाचे उत्तर आठवणीने देण्याची गरजच पडली नसती, ते त्याच्या बोटाखालीच मिळाले असते. डुकरे आली असती, माती पलीकडे दिसली नसती, तर बापाने बंदूक बाजूस ठेवून डबा वाजविला असता. चार लोंब्या गेल्या असत्या. पण सकाळी कापणीला दोघेही सोबत खाचरात उतरले असते.